वऱ्हाडचा कापूस आणि मुंबईचा समुद्र

१

गांवाचें शहर होऊं लागलें म्हणजे तीन प्रश्न त्याच्या वेशीशीं एकदमच येऊन उभे राहतात. नव्या माणसांना घरें कोठें द्यावयाचीं, हा पहिला; तीं घरें बांधतांना जी भूमि, जें पाणी आणि जी मोकळी हवा खर्चीं पडणार तिच्यांतलें किती राखून ठेवावयाचें, हा दुसरा; आणि या सर्व उलाढालींतून जो पैसा निघेल तो कोणाच्या तिजोरींत जावयाचा, व तोटा आला तर तो कोणाच्या पदरीं पडावयाचा, हा तिसरा. यांपैकीं पहिल्याची चर्चा मोठ्यानें होते, दुसऱ्याची हळू आवाजांत होते, आणि तिसऱ्याचा निर्णय बहुधा आधींच होऊन गेलेला असतो.

आमच्या यवतमाळासहि हे प्रश्न आतां चुकलेले नाहींत. ज्या वावरांत कालपर्यंत पऱ्हाटी उभी होती तेथें आज चुन्याच्या रेघा आंखलेल्या दिसतात, आणि चार दिवसांनीं ‘ले-आउट’ची पाटी लागते. घरांची गरज खोटी आहे असें कोणी म्हणणार नाहीं. आम्ही स्वतः अशाच एका ले-आउटमधील घरांत बसून हा लेख लिहीत आहों. परंतु २०१८ च्या उन्हाळ्यांत निळोणा आणि चापडोह या आमच्या दोन जलाशयांचें पाणी आटत आलें, टांकीच्या गाडीसमोर प्रोफेसर आणि हमाल एकाच रांगेंत उभे राहिले, तेव्हां दुसऱ्या प्रश्नाची आठवण आम्हां सर्वांसच झाली. पाऊस आला आणि ती आठवण, नेहमींप्रमाणें, वाहून गेली.

अशा वेळीं इतिहासाकडे वळणें उपयोगाचें असतें. इतिहास आयतीं उत्तरें देत नाहीं. पण तो हिशेब मात्र चोख ठेवतो. घरें, निसर्ग आणि महसूल यांची मोठ्या प्रमाणावर तोलणी आपल्या महाराष्ट्रांत कोठें झाली असेल तर ती मुंबईच्या बॅकबेमध्यें. मलबार हिल आणि कुलाबा यांच्यामधील त्या अर्धवर्तुळाकार उपसागराची कथा यवतमाळच्या वाचकास दूरची वाटण्याचा संभव आहे. ती दूरची नाहीं. त्या समुद्रांत जी माती पडली तिच्यामागें आमच्या काळ्या मातींतला कापूस उभा होता, हें दाखविण्यासाठींच हा लेख आहे.

२

मुंबई हें मुळांतच समुद्राकडून घेतलेलें शहर. सात बेटें, त्यांच्यामध्यें भरतीच्या वेळीं शिरणारें पाणी आणि ओहोटीच्या वेळीं उघडा पडणारा चिखल, ही तिची मूळची स्थिति. वरळीची खिंड अठराव्या शतकाच्या अखेरीस बुजविली गेली, ती हॉर्नबी वेलार्डची हकीकत प्रसिद्धच आहे. कुलाब्याचा बांध १८३८ सालीं झाला. हे भराव मुख्यतः आरोग्य आणि दळणवळण यांसाठीं झाले. समुद्र भरून जमीन विकावी व तिच्यावर नफा मिळवावा, ही कल्पना जोरांत आली ती १८६० नंतर, आणि ती कापसानें आणली.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें. दक्षिणेकडील संस्थानांचीं बंदरें अडविलीं गेलीं, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, आणि हिंदुस्थानच्या कापसाचा भाव कोणाच्या स्वप्नींहि नव्हता इतका चढला. वऱ्हाड १८५३ च्या तहानें इंग्रजांच्या कारभाराखालीं आलेलें होतें. रेल्वे नागपुरास पोंचली ती १८६७ सालीं. म्हणजे युद्धाच्या ऐन धामधुमींत आमच्या बाजूचा कापूस लांबचा पल्ला बैलगाड्यांनींच काटीत होता. गाड्यांच्या त्या तांड्यांच्या दुसऱ्या टोंकाला मुंबईच्या पेढ्या होत्या. तेथें जमलेला पैसा कोठें तरी गुंतविणें प्राप्तच होतें. त्यांतून बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या, आणि समुद्र भरून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या. त्यांतली सर्वांत नांवाजलेली ती बॅकबे रेक्लमेशन कंपनी. तिचा पांच हजार रुपयांचा शेअर पन्नास हजारांच्या घरांत गेला. जी जमीन अद्याप पाण्याखालीं होती, तिच्या आशेवर माणसें घरेंदारें गहाण टाकीत होतीं.

१८६५ च्या एप्रिलमध्यें जनरल ली यानें शस्त्र खालीं ठेवलें. अमेरिकेचा कापूस पुन्हां बाजारांत येणार, हें कळतांच मुंबईचे भाव कोसळले. जुलैच्या पहिल्या तारखेस वायद्यांचे व्यवहार पुरे करावयाचे होते. त्या दिवशीं कोणी कोणाचें देणें देऊं शकला नाहीं. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा, ज्याच्या शब्दावर बाजार हालत असे, तो सावकारहि बुडाला. बँक ऑफ बॉम्बे मोडली. १८६४ सालीं शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ मोजली गेली होती; १८७२ मध्यें ती ६,४४,४०५ भरली. बॅकबे कंपनीनें जो थोडा भराव घातला होता तो पुढें मुख्यत्वेंकरून कुलाब्याकडे जाणाऱ्या रेल्वेच्या उपयोगीं पडला.

ह्या प्रकरणांत एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कापसाचा भाव चढला तेव्हां वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या हातीं कांहीं पैसा आला हें खरें. पण भाव कोसळल्यावर ज्यांनीं समुद्राच्या शेअरांचें नांवहि ऐकलें नव्हतें त्यांच्याच डोक्यावर तो कोसळला. चढाचा वांटा थोड्यांस आणि उताराचा सर्वांस, असा हा न्याय आहे.

३

यानंतर पन्नास वर्षें बॅकबे शांत राहिला. शहर मात्र शांत नव्हतें. गिरण्या वाढल्या, कोंकणांतून आणि घाटावरून माणसांचे लोंढे आले. १८९६ सालीं प्लेग आला, आणि अंधाऱ्या चाळींत दाटीनें राहणाऱ्या माणसांचे जीव पाखरांसारखे गेले. त्या धक्क्यानें १८९८ मध्यें इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें रस्ते रुंद केले, जुन्या वस्त्या पाडल्या, दादर-माटुंग्याकडे नवीन आंखीव वस्ती वसविली. तरीहि १९२१ च्या खानेसुमारींत लोकसंख्या पावणेबारा लाखांवर गेली आणि घरांची टंचाई तशीच राहिली.

१९१८ च्या अखेरीस सर जॉर्ज लॉईड हे मुंबईचे गव्हर्नर झाले. माणूस उमेदीचा, कर्तबगार आणि अत्यंत घाईचा. महायुद्ध नुकतेंच संपलेलें, व्यापार तेजींत, जमिनीचे भाव गगनाला भिडलेले. अशा वेळीं त्यांनीं दोन प्रचंड कामें एकदम हातीं घेतलीं. मजुरांसाठीं पन्नास हजार खोल्या बांधावयाच्या, हें एक. आणि बॅकबेमधील १,१४५ एकर समुद्र भरून जमीन काढावयाची, हें दुसरें. यासाठीं १९२० सालीं विकासखातें म्हणून एक स्वतंत्र खातें काढलें गेलें आणि साडेसहा टक्के व्याजाचें कर्ज उभारलें गेलें. जमीन विकून कर्ज फिटेल, वर नफाहि राहील, असा हिशेब होता. मॉंटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांप्रमाणें नवें कायदेमंडळ १९२१ मध्यें भरलें. त्याच्या आधींच हें सर्व ठरून गेलें होतें. म्युनिसिपालिटी होती, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट होता, पण हें काम दोघांच्याहि हातीं दिलें गेलें नाहीं. ज्या शहराचा किनारा बदलावयाचा त्या शहराचें मत विचारण्याची सोयच ठेवलेली नव्हती.

योगायोग असा कीं, नेमक्या याच वर्षांत, १९१९ पासून १९२४ पर्यंत, पॅट्रिक गेडीस हा स्कॉच पंडित मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचा अध्यापक होता. हिंदुस्थानांतील अनेक गांवांची पाहणी करून त्यानें नगररचनेवर अहवाल लिहिले होते. आमच्या शेजारचें नागपूरहि त्यानें पाहिलें होतें. त्याची शिकवण थोडक्यांत अशी: वैद्यानें आधीं रोग्याची नाडी पाहावी, मग औषध द्यावें, आणि शस्त्र चालवावयाचेंच तर जेवढें सडलें तेवढेंच कापावें, निरोगी अंग राखावें. गल्ली, विहीर, झाड, देवळापुढचें अंगण, यांची त्याला किंमत होती. ज्या शहरांत हा मनुष्य हें शिकवीत होता त्याच शहरांत त्याच काळीं नाडी न पाहतां सर्वांत मोठी शस्त्रक्रिया चालू होती.

४

काम सुरू झालें तें असें. समुद्रांत लांबच लांब दगडी बांध घालावयाचा आणि बांधाच्या आंत बंदराच्या तळाचा गाळ नळांवाटे आणून सोडावयाचा. गाळ उपसण्यासाठीं एक मोठें जहाज आणलें. त्याचें नांवहि ‘सर जॉर्ज लॉईड’ असेंच ठेवलें होतें. परंतु तळाशीं जितका मऊ गाळ असेल असा अंदाज होता तितका तो निघाला नाहीं. जहाजाचें काम अपेक्षेच्या मानानें फारच थोडें होऊं लागलें. बांधाच्या दगडांतून आंत टाकलेला गाळ बाहेर झिरपूं लागला. दिवसभर भरावें आणि समुद्रानें तें परत न्यावें, असा प्रकार झाला. अंदाजपत्रकाचे आंकडे वाढत चालले, आणि इकडे जमिनीचे भाव मात्र उतरूं लागले. १९२३ सालीं लॉईडसाहेब आपली मुदत संपवून निघून गेले. व्याज निघून गेलें नाहीं.

या प्रकरणाचा पाठपुरावा करणारांत खुर्शेद फ्रामजी नरिमन यांचें नांव अग्रगण्य आहे. कायदेमंडळांत आणि बाहेर त्यांनीं या खात्याच्या कारभारावर टीकेचा भडिमार चालविला. १९२६ सालीं सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीसमिति नेमली गेली. नरिमन यांनीं केलेल्या आरोपांवरून खात्यांतील हार्वे नांवाच्या इंजिनियरानें त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली. खटला गाजला आणि १९२८ मध्यें नरिमन निर्दोष सुटले. अखेर आठ विभागांपैकीं चारच पुरे करून बाकीचे सोडून देण्यांत आले. १,१४५ एकरांच्या जागीं सुमारें ४४० एकर जमीन हातीं आली, आणि तिच्यांतील निम्म्याहून अधिक लष्करी खात्यानें घेतली. लोकांनीं या सर्व उद्योगास ‘लॉईडची घोडचूक’ असें नांव दिलें, आणि तें टिकलें.

आतां चाळींकडे वळूं. विकासखात्याच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून त्यांना आजहि ‘बी.डी.डी. चाळी’ म्हणतात. पन्नास हजार खोल्यांचा संकल्प होता. प्रत्यक्षांत नायगांव, डिलाईल रोड, वरळी आणि शिवडी येथें मिळून २०७ चाळी झाल्या आणि त्यांत सुमारें सोळा हजार खोल्या निघाल्या. खोली सुमारें १६० चौरस फुटांची, सिमेंट-काँक्रीटची, एका ओळींत दहा आणि समोर दहा. आरंभीं मजुरांनीं त्यांच्याकडे पाठ फिरविली. जागा गिरणीपासून दूर, भाडें खिशाला न पेलणारें, भिंती उन्हाळ्यांत तापणाऱ्या. पुष्कळ खोल्या वर्षानुवर्षें रिकाम्या राहिल्या. वरळीच्या कांहीं चाळींचा सरकारनें १९३० च्या सत्याग्रहांत तुरुंग म्हणून उपयोग केला. राहणाऱ्याला न विचारतां बांधलेलें घर कोणाच्या उपयोगीं पडेल, याचा हा एक दाखला.

आणि या चाळींसाठीं पैसा आला कोठून? येथें आमच्या वऱ्हाडाचा धागा पुन्हां हातीं लागतो. मुंबईंत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीमागें एक रुपया असा शहरकर या योजनेकरितां बसविण्यांत आला. गासडीच्या किंमतीच्या मानानें रुपया लहान होता, हें कबूल. पण कर भरणारा एक आणि सोसणारा दुसरा, हें अर्थशास्त्राचें जुनें वचन आहे. मुंबईचा व्यापारी खर्च धरूनच भाव काढीत असे, आणि त्या भावावरून अमरावती, यवतमाळ, वणी येथील बाजारांतले भाव ठरत. यवतमाळचा शेतकरी आपल्या पऱ्हाटीवरून दृष्ट काढीत असतां, दोन-अडीचशें कोसांवर नायगांवला चढणाऱ्या भिंतींत आपलाहि कांहीं अंश जात आहे, हें त्याला कोणी सांगितलें नव्हतें.

हा कापूस जाण्याचा मार्गहि पाहण्याजोगा होता. १९०३ सालीं मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अरुंद रूळांची रेल्वे एका विलायती कंपनीनें बांधली. तीच पुढें ‘शकुंतला’ या लाडक्या नांवानें ओळखली गेली. १९२१ सालीं मँचेस्टरमध्यें घडविलेलें एक इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढीत होतें. आमच्या लहानपणीं त्याचा धूर आम्हीं डोळ्यांत घेतलेला आहे. गाडी इतकी सावकाश चाले कीं पोरें उतरून रुळाकांठचीं बोरें वेंचीत आणि पुन्हां डब्यांत चढत. मूर्तिजापुरास गासड्या मोठ्या रेल्वेंत चढत आणि मुंबईस जात. ती गाडी आतां बंद पडली आहे, आणि रुळांमध्यें गवत वाढलें आहे.

५

येथपर्यंतची कथा ऐकून कोणी म्हणेल कीं, मग हा सारा व्यवहार बुडीतच गेला. इतिहास इतका सोपा नाहीं, आणि आम्हीं ही कथा निवडली ती त्याचमुळें.

भरून काढलेल्या त्याच जमिनीच्या कडेनें मरीन ड्राईव्ह झाला. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेस, समुद्राच्या जागीं, १९३० नंतर गोल सज्ज्यांचीं आणि साध्या सरळ रेषांचीं घरें उभीं राहिलीं. मैदानाच्या पूर्वेस विद्यापीठाचा राजाबाई मनोरा आहे. तो, पहिल्या भरणीच्या काळीं बुडालेल्या त्याच प्रेमचंद रायचंद यांच्या देणगींतून उभा राहिलेला. मैदानाच्या दोन्ही बाजूंचा हा समूह २०१८ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत समाविष्ट केला. म्हणजे एका काळीं जी घोडचूक ठरली तीच आज जतन करण्याची वस्तु झाली आहे. रिकाम्या राहिलेल्या चाळीहि पुढें भरल्या, आणि तीन-चार पिढ्यांचे संसार, गणेशोत्सव, संप आणि बारशीं त्यांनीं पाहिलीं. आतां त्यांची पुनर्रचना चालू असून २०२५ च्या ऑगस्टमध्यें वरळीच्या ५५६ कुटुंबांना पांचशें चौरस फुटांचीं घरें मिळालीं. उरलेल्या जागेवर विक्रीचे मनोरे उठावयाचे आणि त्यांतून खर्च निघावयाचा, हा हिशेब मात्र जुन्या ओळखीचा आहे.

स्वातंत्र्यानंतर बॅकबेची तिसरी भरणी झाली, आणि तिच्याशीं तर यवतमाळचा संबंध प्रत्यक्षच येतो. १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते ते आमच्या पुसद तालुक्यांतील गहुलीचे वसंतराव नाईक. त्यांच्या कारकीर्दींत नरिमन पॉईंट आणि कफ परेड येथें समुद्र मागें हटला आणि उंच कचेऱ्या उठल्या. सरकारला पैसा मिळाला, भूखंडांच्या वांटपावरून वाद न्यायालयापर्यंत गेला. ज्या नरिमनांनीं भरावाविरुद्ध झगडा केला त्यांचेंच नांव त्या भरावाला मिळालें! याच काळांत दुसराहि एक विचार पुढें आला होता. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनीं १९६५ सालीं सुचविलें कीं, मुंबईचा भार दक्षिण टोंकावर न टाकतां खाडीपलीकडे नवें शहर वसवावें. तो विचार वसंतरावांच्याच सरकारनें स्वीकारला आणि १९७० मध्यें ‘सिडको’ची स्थापना झाली. एका हातानें भार पूर्वेस न्यावयाचा आणि दुसऱ्या हातानें दक्षिणेस कचेऱ्या वाढवावयाच्या, असें हें झालें. आम्ही यांत कोणा एका पुरुषास दोष देत नाहीं. तिजोरीला आजचा पैसा हवा असतो आणि नव्या शहराचें फळ उद्यां मिळतें. आज आणि उद्यां यांची ओढाताण प्रत्येक सरकारच्या पोटांत असते.

किनाऱ्याचा प्रश्न कायद्यानें हातीं घेतला तो १९९१ सालीं, किनारानियमनाच्या अधिसूचनेनें. तोंपर्यंत समुद्राच्या बाजूनें बोलणारा हिशेबाच्या टेबलापाशीं कोणी बसलेलाच नव्हता. १९२० नंतरच्या वादांत पैशाची चर्चा विपुल आढळते; कुलाब्याच्या ज्या कोळ्यांची होडी त्या पाण्यावर चालत होती त्यांचा शब्द मात्र फारसा ऐकूं येत नाहीं. नरिमन यांनीं लढा दिला तो करदात्याचा, आणि तो मोलाचाच होता. पण माशाचा, भरतीचा आणि कोळ्याचा वकील त्या काळीं जन्मास यावयाचा होता.

६

या सर्व हकीकतींतून आमच्यासारख्या लहान शहरानें काय घ्यावें? घरें बांधूं नयेत, असें तर खास नव्हे. प्लेगच्या चाळींत मेलेल्या माणसांपुढें तसें म्हणणें निष्ठुरपणाचें होईल. आणि आज गांवांतलें शेत विकून मुलांच्या शिक्षणासाठीं शहरांत आलेल्या कुटुंबापुढेंहि तें शोभणार नाहीं. आम्ही घेतों त्या गोष्टी तीन.

पहिली ही कीं, तोलणाऱ्याचा हात कोणाचा आहे तें आधीं पाहावें. १९२० सालीं तराजू धरणारे लोक पांच वर्षांत निघून जाणारे होते आणि व्याज भरणारे येथेंच राहणारे होते. योजना ठरून गेल्यावर नागरिकांच्या ‘हरकती’ मागविणें म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका पाहणें होय. विकास-आराखडा नगरपालिकेच्या फलकावर लागतो तेव्हां तो वाचावयास आपल्यापैकीं किती जण जातात? आम्हीच आमच्या वयाच्या पन्नाशीपर्यंत एकदांहि गेलों नव्हतों, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे.

दुसरी गोष्ट ही कीं, तेजीच्या भावानें मांडलेल्या हिशेबावर विश्वास ठेवूं नये. १८६५ आणि १९२३ या दोन्ही वेळीं, आजचा भाव उद्यांहि राहील या गृहीतावर सारी इमारत उभी होती. जमीन विकून आलेला पैसा एकदांच येतो; रस्ता, नाली, दिवा आणि पाणी यांचा खर्च दरसाल येतो. ज्या पालिकेनें पहिल्याला उत्पन्न म्हटलें तिनें दुसऱ्यासाठीं काय राखलें, हें विचारलें पाहिजे.

तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. कोणत्याहि मोठ्या योजनेचा एक वांटा असा असतो कीं तो दूरचा, न दिसणारा मनुष्य भरीत असतो. मुंबईच्या चाळींसाठीं तो वऱ्हाडच्या पऱ्हाटीनें भरला, बॅकबेच्या भरावासाठीं तो कोळ्यानें भरला. यवतमाळच्या नव्या वस्त्यांसाठीं तो कोण भरीत आहे? ज्या ओढ्यावर आम्ही भिंत घातली त्याच्या खालच्या अंगाची विहीर कोणाची होती? हा प्रश्न आम्हीं आमच्या स्वतःच्या घराविषयींहि विचारला. आमच्या अंगणांत कूपनलिका आहे. ती खोदली त्या सालीं रस्त्यापलीकडच्या जुन्या वस्तींतील विहीर उन्हाळ्यांत आधीं आटूं लागली. दोहोंचा संबंध आम्हांस सिद्ध करतां यावयाचा नाहीं. पण तो नाहीं, असेंहि आम्हांस छातीवर हात ठेवून म्हणतां येत नाहीं.

मुंबईच्या विधानभवनाची इमारत बॅकबेच्या भरावावर उभी आहे. आमच्या जिल्ह्याचे प्रतिनिधि तेथें बसतात, आणि कापसाच्या भावावर दरवर्षीं बोलतात. ज्या जमिनीवर ते उभे असतात तिच्या पोटांत काय काय भरलेलें आहे हें त्यांना आणि त्यांना निवडून देणाऱ्या आम्हां सर्वांना ठाऊक असलें, तर पुढचा चुन्याचा रेघाटा ओढण्यापूर्वीं हात क्षणभर तरी थांबेल, एवढीच आमची अपेक्षा आहे.